मांडो परका, मग पेटी कोणाची?

गोव्यावरील कार्यक्रमात मांडो घ्यावा, असे मी आपल्या मंडळाच्या एका बैठकीत सुचविले. "ते फिरंग्यांचे नाचगाणे, आपल्या व्यासपीठावर कशाला?" असा आक्षेप आला आणि विषय तेथेच मिटला. तो असा मिटू नये.

मांडो हे एकोणिसाव्या शतकात, मुख्यतः सासष्टीच्या ख्रिस्ती घरांत वाढलेले कोंकणी गीत-नृत्य होय. स्त्रिया आणि पुरुष समोरासमोर रांगा करून संथ लयीत नाचतात. गीतांचा विषय बहुधा प्रीती आणि विरह. परंतु २१ सप्टेंबर १८९० रोजी मडगावात निवडणुकीच्या वेळी झालेल्या गोळीबाराची आठवणही एका मांडोनेच जपली. पोर्तुगीज अमदानीतील रक्तपाताची साक्ष देणारे गाणे फिरंग्यांचे कसे?

मांडोतील व्हायोलिन युरोपातले, हे मान्य. पण शेजारी मातीचे घुमट वाजते, आणि तेच घुमट गोव्यात चतुर्थीच्या आरतीलाही वाजते.

परक्या वाद्याचा विटाळच मानावयाचा, तर आपल्या नाट्यसंगीताचे काय करावे? पेटीही युरोपातूनच आली. १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. तरी गोविंदराव टेंब्यांच्या पेटीला परकी म्हणण्याचे धाडस आपल्यापैकी कोणी करील काय?

पोर्तुगीजांचीच वसाहत असलेल्या ब्राझीलकडे पाहावे. तेथील फोरो नावाच्या संगीतावर जोडपी नाचतात. त्याचे प्रमुख वाद्य अकॉर्डियन, तेही युरोपीय. दुष्काळी ईशान्य भागातून शहरांत गेलेल्या मजुरांनी हे संगीत सोबत नेले. लुईझ गोन्झागा (१९१२–१९८९) यांनी ते देशभर पोहोचविले. २०२१ मध्ये त्या देशाने फोरोची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली. अकॉर्डियनचे मूळ त्याच्या आड आले नाही.

१९५६ च्या पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, आपले बालाघाट मध्यप्रदेशात राहिले. आपल्या बोलण्यातील हिंदी शब्द ऐकून पुण्याकडचा पाहुणा हसतो, तेव्हा आपण दुखावतो. भेसळ झाली तरी मराठीपण उणावत नाही, असे त्याला बजावतो. मग तीच मोजपट्टी मांडोला का नको?

पुढील कार्यक्रमात मांडो व्हावा, ही सूचना मी येथे पुन्हा रीतसर मांडीत आहे. विरोध करणाऱ्यांनी आधी मंडळाची पेटी माळ्यावर ठेवावी.