आतल्या लांबीचा रकाना हवा

२२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील वस्तू व सेवा कराची रचना बदलली आणि नगाची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असल्यास ५ टक्के व त्यापुढे गेल्यास १८ टक्के असे दोन टप्पे लागू झाले. त्यापूर्वी हजार रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के कर होता. म्हणजे दोन हजारांच्या पँटवर पूर्वी २४० रुपये पडत, ते आता १०० वर आले आहेत, आणि सर्वसाधारण गिऱ्हाइकाला या बदलाने दिलासा मिळाला हे मान्यच केले पाहिजे. मात्र प्रस्तरारोहकांमधील एका गटाला याच आदेशाचा फटका बसला असून, हिवाळी शिबिरांच्या तोंडावर या मासिकाकडे आलेल्या पत्रांत त्याच गटाची तक्रार वारंवार दिसते. हा गट उंच आणि सडपातळ आरोहकांचा आहे. देशी बनावटीच्या स्वस्त क्लाइंबिंग पँट स्मॉल, मीडियम, लार्ज अशा ठरीव आकारांत मिळतात व त्यांत लांबी निवडण्याची सोय बहुधा नसते. तीच कंबर राखून जादा लांबी देणाऱ्या पँट मुख्यतः परदेशी कंपन्यांच्या असतात आणि त्यांची किंमत सहसा अडीच हजारांच्या पलीकडे जाते. करापूर्वी २,५०० रुपये किमतीच्या पँटवर १२५ रुपये कर आहे, तर २,६०० रुपयांच्या पँटवर ४६८ रुपये, म्हणजे शंभर रुपयांच्या फरकापोटी ३४३ रुपयांचा जादा भुर्दंड. आखूड पायांचा आरोहक ५ टक्क्यांत सुटतो आणि लांब पायांच्या आरोहकाला तेवढ्याच उपयोगाच्या कपड्यासाठी १८ टक्के मोजावे लागतात. त्याने चैनीची वस्तू मागितलेली नाही, अंगाला बसणारी वस्तू मागितली आहे.

तथापि कर हा या दुखण्याचा वरवरचा भाग असून मूळ दोष मापांच्या पद्धतीत आहे. कारखान्यात एका मधल्या आकाराचा मूळ नमुना कापला जातो आणि त्यावरून लहानमोठे आकार काढले जातात. या कामाला ग्रेडिंग म्हणतात. ग्रेडिंगमध्ये एका आकारावरून पुढच्या आकारावर जाताना कमरेचा घेर साधारण दोन इंचांनी वाढवला जातो आणि लांबी जेमतेम अर्धा-एक इंच वाढते, कारण उंची आणि घेर एकमेकांच्या जोडीने वाढतात असे त्यात गृहीत धरलेले असते. १८५ सेंटिमीटर उंचीच्या आणि ३० इंच कमरेच्या आरोहकाला सुमारे ३४ इंचांची आतली लांबी लागते, म्हणजे जांघेपासून घोट्यापर्यंतचे पायाच्या आतल्या बाजूचे माप. त्याच्या कमरेच्या पँटची आतली लांबी बहुधा ३० ते ३२ इंचांच्या घरात संपते आणि हवी ती लांबी शोधत वरच्या आकारांकडे गेल्यास कंबर ३६-३८ इंचांवर पोहोचते. उंच, सडपातळ मुलींची अडचण दुहेरी आहे. स्त्रियांच्या पँटमध्ये लांबी आणखी कमी असते, आणि लांबीपायी पुरुषांची पँट घेतली तर कमरेला सैल व सीटला, म्हणजे नितंबांच्या घेराला, घट्ट अशी विषम स्थिती होते.

रस्त्यावर घालायच्या पँटमध्ये हे दोष दिसण्यापुरते असतात, कड्यावर मात्र ते कामाच्या आड येतात. सैल कमरेची पँट पट्ट्याने आवळून वर हार्नेस बांधली की कापडाच्या चुण्या हार्नेसच्या कमरपट्ट्याखाली दबतात, दोराला लटकताना नेमक्या त्याच जागी अंगाला वळ उठतात आणि चुण्या सरकल्या की घट्ट वाटलेला पट्टा सैल पडतो. पँटचे आसन, म्हणजे पुढच्या कमरेपासून जांघेखालून मागच्या कमरेपर्यंतचे अंतर, आखूड असेल तर पाय कमरेच्या उंचीवरच्या फुटहोल्डवर टेकवताना मागची कमरपट्टी खाली ओढली जाते, सदरा वर निघतो आणि हार्नेस उघड्या कातडीवर बसते. रुमाली, म्हणजे दोन्ही पायांच्या सांध्यात बसवलेला शंकरपाळ्याच्या आकाराचा जादा तुकडा, याच ओढीसाठी असतो. परंतु आसन मुळातच तोकडे असले तर रुमालीही फारशी कामी येत नाही, आणि मोठ्या आकाराच्या पँटमध्ये ती खाली लोंबून पाय फाकण्यालाच अडथळा करते.

याहून दुर्लक्षित राहिलेली बाब गुडघ्याची आहे. चांगल्या क्लाइंबिंग पँटमध्ये गुडघ्याशी टक घालून कापडाला आधीच बाक दिलेला असतो, जेणेकरून पाय दुमडताना कापड ताणले जाऊ नये; अनेक पँटमध्ये तिथेच दुहेरी कापडाचे ठिगळही असते. लांब मांडीच्या माणसाच्या अंगावर हा बाक गुडघ्याच्या दीड-दोन इंच वर येतो, आणि मग तो नसता तर बरे होते अशी स्थिती होते: दुमडीच्या जागी साधे कापड ताणते, बाकाच्या जागी फुगा येतो, आणि पावागडच्या खरबरीत दगडावर गुडघा घासतो तेव्हा ठिगळ भलतीकडेच असते. म्हणूनच खाली पट्टी जोडून लांबी वाढवण्याचा शिंप्याचा नेहमीचा उपाय इथे अपुरा ठरतो. पट्टीमुळे घोटा झाकला जातो व इडरच्या ग्रॅनाइटवर नडगी खरचटण्याचे थोडे वाचते, परंतु गुडघा आणि आसन जागच्या जागीच राहतात. लांबीची उणीव पँटच्या सर्व उंचीवर विभागलेली असते आणि ती कापतानाच भरून काढावी लागते.

गिऱ्हाइकाने दुकानात किंवा ऑनलाइन खरेदी करताना हे सर्व ताडावे कसे, या प्रश्नापाशी सरकारी नियमांचा संबंध येतो, आणि इथला कारभार अनाकलनीय आहे. वैधमापनाच्या, म्हणजे वडोदऱ्यात ज्याला तोलमाप खाते म्हणतात त्या खात्याच्या अखत्यारीतील वेष्टित वस्तूंचे नियम २०११ चे आहेत. २०२२ साली त्यांत दुरुस्ती होऊन सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांना बऱ्याच घोषणांतून सूट मिळाली, तरी आकाराची घोषणा सक्तीची राहिली आणि ती एस, एम, एल अशा खुणांबरोबर सेंटिमीटर अथवा मीटरमध्येही द्यावी असे ठरले. हेतू उत्तम होता. परंतु सेंटिमीटर कशाचे, हे नियमाने बांधून दिले नाही. परिणामी ‘एम, ८१ से.मी.’ एवढे छापले की कायद्याची पूर्तता होते. हे ८१ सेंटिमीटर अंगाच्या कमरेचे आहेत, शिवलेल्या कमरपट्टीचे आहेत की बाहेरच्या लांबीचे, हे गिऱ्हाइकाने ओळखायचे. धान्याच्या पोत्यावर नुसता ‘५०’ आकडा छापून किलो की शेर हे सांगायचे टाळले तर तोलमाप निरीक्षक ते पोते जप्त करील, आणि पँटच्या बाबतीत त्याच खात्याला कोणते माप हे विचारण्याची गरज वाटत नाही. पायात घालायच्या वस्त्रावर पायाची लांबी छापणे बंधनकारक नसावे, यामागचे कारण संबंधित अधिकाऱ्यांनी जाहीरपणे सांगितले पाहिजे.

ही मागणी अवाजवी नाही, हे इतरत्रची पद्धत पाहिल्यास कळते. युरोपच्या ईएन १३४०२ या मानकात कपड्याचा आकार अंगाच्या मापांवरून सांगितला जातो. पुरुषांच्या पँटसाठी कंबर हे मुख्य माप असून आतली लांबी अथवा उंची हे जोडीचे माप आहे, आणि मानवी आकृतीवर रेषा काढून कोणते माप कुठले हे दाखवण्याची तरतूद त्यात आहे. जर्मनीत उंच व सडपातळ पुरुषांच्या तयार कपड्यांसाठी ९०, ९४, ९८, १०२ अशी आकड्यांची वेगळी मालिकाच रूढ आहे. आपल्याकडेही जीन्सच्या मागच्या पट्टीवर कमरेचा आणि लांबीचा असे दोन आकडे वर्षानुवर्षे दिसत आले आहेत, आणि फॉर्मल पँट तर मुद्दाम लांब ठेवून, खालची दुमड दुकानातच गिऱ्हाइकाच्या उंचीप्रमाणे घालून दिली जाते. म्हणजे व्यवहाराला ही गोष्ट ठाऊक आहे, फक्त क्लाइंबिंग पँट बनवणाऱ्यांनी आणि नियम करणाऱ्यांनी ती मनावर घेतलेली नाही. भारतीयांच्या देहमापांचे स्वतंत्र कोष्टक तयार करण्यासाठी केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने निफ्ट या संस्थेकरवी ‘इंडियासाइज’ हे सर्वेक्षण हाती घेतले, त्यात १५ ते ६५ वयोगटातील २५ हजारांहून अधिक लोकांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घ्यावयाची होती. त्यासाठी दिल्ली, मुंबई, कोलकाता, हैदराबाद, बंगळूर आणि शिलाँग ही सहा शहरे निवडली गेली. गुजरातेतले एकही शहर त्यात नाही, आणि देशाच्या कापडाचा एवढा मोठा भाग ज्या राज्यात विणला जातो त्या राज्यातील अंगांची मापे घेण्याचे कोणाला सुचू नये, याचा खेद वाटतो. या कोष्टकात कमरेगणिक आतल्या लांबीचे किमान तीन पर्याय असावेत, आणि ते लहान उत्पादकांना विनामूल्य मिळावे.

अधिकाऱ्यांना बोल लावताना आरोहण संस्थांनाही मोकळे सोडता येत नाही. शिबिराच्या अर्जात रक्तगट विचारला जातो, बुटाचा क्रमांक विचारला जातो, आणि पँटसाठी मात्र एस ते डबल एक्सेल अशा चौकटी छापून त्यांतील एकीवर खूण करायला सांगितले जाते. नंतर सर्व खुणांची बेरीज करून घाऊक मागणी नोंदवली जाते, सर्वांत कमी दराच्या पुरवठादाराकडून माल येतो आणि दर वर्षी तेच चार-पाच उंच विद्यार्थी घोट्याच्या वर संपणाऱ्या पँटमध्ये दोराला बांधले जातात. एका माणसाला मापपट्टी घेऊन तासभर बसवण्याएवढी तसदी ज्या संस्था घेत नाहीत, त्यांनी उत्पादकांच्या नावाने खडे फोडू नयेत.

वडोदऱ्याला तर सबब सांगायला जागाच नाही. दक्षिणेला सुरतेत कृत्रिम धाग्याचे कापड विणले जाते, उत्तरेला अहमदाबादेत डेनिम होते. सयाजीराव महाराजांनी १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती कलाभवन सोपवून रंगकाम आणि विणकाम हे शिकवण्याचे विषय केले, आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठात आज वस्त्रशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. याच शहरातून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत सिद्ध केला. एवढी परंपरा असलेल्या शहरात आरोहकांच्या मापांचे एक कोष्टक आणि पँटचा एक चांगला नमुना तयार होऊ शकत नाही, असे म्हणणे पटण्यासारखे नाही. रावपुरा आणि मंगळ बाजार परिसरातील शिंप्यांच्या हातात कसब आहे, त्यांना फक्त या कापडाची रीत सांगावी लागेल: ताणले जाणारे कापड साध्या सुईने शिवल्यास धागे तुटतात, म्हणून गोल टोकाची बॉलपॉइंट सुई हवी, साधी सरळ टीप ताणाखाली तुटते, म्हणून ताण सोसणारी टीप आणि पॉलिएस्टर दोरा हवा, रुमालीच्या कोपऱ्यांवर आणि खिशांच्या टोकांवर बारटॅक, म्हणजे दाट आडवी टीप, मारलेली हवी, आणि कमरपट्टी सपाट असावी, हार्नेसखाली येईल असे जाड बटण अथवा गाठ तिच्यावर नसावी.

आता तक्रारींची पत्रे पुरेशी झाली, यापुढे मापे हवीत. प्रत्येक मंडळाने आपल्या सभासदांची पाच मापे सेंटिमीटरमध्ये नोंदवावीत: हार्नेस जिथे बसते तिथली कंबर, सीट, पूर्ण आसन, कमरेपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंतचे अंतर आणि आतली लांबी. मापे अनवाणी उभे राहून दुसऱ्याकडून घ्यावीत, आणि शेवटची दोन मापे एक पाय खुर्चीवर ठेवूनही तपासावीत, म्हणजे चढताना कापड किती वर सरकते ते कळेल. ही कोष्टके नावे वगळून या मासिकाकडे पाठवावीत. ती एकत्र करून छापण्याची आणि विद्यापीठाच्या वस्त्रशास्त्र विभागापुढे ठेवून उंच व सडपातळ बांध्यासाठी मूळ नमुना आखून मागण्याची जबाबदारी मासिक घेत आहे. घाऊक मागणी नोंदवणाऱ्या संस्थांनी यापुढे कमरेबरोबर आतली लांबी लिहिल्याशिवाय एकही मागणीपत्र पाठवू नये आणि ३६ इंच लांबीची, खालची दुमड न घातलेली पँट हा पर्याय पुरवठादाराकडून लेखी मागावा. ज्यांच्या हाती अपुऱ्या लेबलाची पँट पडेल त्यांनी ती गुपचूप परत न करता राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण अशा नोंदी साठल्याशिवाय खाते हलत नाही. आणि तोलमाप खात्याकडे एकच मागणी आहे: पँटच्या आकाराच्या घोषणेत ‘अंगाची कंबर व आतली लांबी’ एवढे शब्द घालावेत. त्यासाठी सरकारी तिजोरीतून एक पैसाही जाणार नाही आणि उत्पादकाला लेबलावर फक्त एक आकडा जास्त छापावा लागेल. पावागडच्या पुढच्या शिबिराचे अर्ज अजून छापून व्हायचे आहेत. त्यांत एस, एम, एलच्या चौकटींऐवजी पाच रकाने छापण्याचा ठराव प्रत्येक मंडळाने येत्या सभेतच करावा.