हक्क धन्याचा, निवाडा कोणाचा?

दुसऱ्याच्या श्रमाचे फळ फुकट लाटणे ही चोरीच होय; ती भरबाजारात झाली काय किंवा यूट्यूबवर झाली काय, तिचे नाव बदलत नाही. २०१६ साली ‘सैराट’ चित्रपटगृहांत गर्दी खेचीत असतानाच त्याची चोरटी प्रत हातोहात फिरली. अशी प्रत विरारच्या लोकलमध्ये निःसंकोचपणे पाहणारे आपणांतच आहेत. तेव्हा चित्रपट, संगीत व वृत्तकंपन्यांनी आपल्या हक्कांसाठी झगडावे, यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो निवाडा कोणी करावयाचा, हा.

न्यायालयांनी या बाबतीत विवेक दाखविला आहे. टी-सिरीज व मायस्पेस यांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २०१६ मध्ये असा निर्वाळा दिला की, केवळ मोघम जाणिवेवरून संकेतस्थळाच्या चालकास दोषी धरता येणार नाही. नेमकी कोणती कृती चोरली गेली, हे धन्याने दाखविले पाहिजे. ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयानेही त्याच वर्षी संकेतस्थळे सरसकट बंद करण्यास नकार दिला.

व्यवहारात मात्र तक्रार येताच व्हिडिओ उतरविला जातो, आणि ९० दिवसांत तीन ठपके पडले की संपूर्ण चॅनेलच बंद होऊ शकते. काही सेकंदांच्या दृश्यांसाठी ए.एन.आय. या वृत्तसंस्थेने लक्षावधी रुपये मागितले, असा जाहीर आरोप मोहक मंगल या यूट्यूबरने मे २०२५ मध्ये केला. आपण केवळ कायदेशीर हक्क बजावीत आहोत, असे संस्थेचे म्हणणे. वाद दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला.

परंतु वसईतील एखाद्या तरुणाने कादोडी बोलीतील लग्नगीते चॅनेलवर जतन केली आणि मागे कोठे चित्रपटगीत वाजले म्हणून ती सारीच गमावली, तर त्याने काय करावे? प्रतिदाव्याची सोय आहे; पण तो करणाऱ्याने कंपनीशी कोर्टात झुंजण्याची तयारी ठेवावी लागते.

१९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने एक वाट दाखविली आहे. तक्रारीनंतर २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश न आल्यास ती सामग्री पुन्हा खुली करण्याची मुभा तीत आहे. आमचे म्हणणे इतकेच की, या मुभेचे आता बंधन करावे, आणि म्हणणे ऐकून घेतल्यावाचून कोणाचेही चॅनेल बंद करू नये. धन्याला संरक्षण अवश्य मिळावे. परंतु फिर्यादीनेच न्यायासनावर बसावे, हे कोणत्याही कायद्याच्या राज्यास शोभणारे नाही.