कामाच्या दारात जागेचे भाडे

रांजणगावचे नाव घेताच महाराष्ट्रातील घराघरांत महागणपतीचे स्मरण होते. शिरूर तालुक्यातील तरुणाला त्याबरोबरच औद्योगिक वसाहतही आठवते. पहाटेच्या अंधारात पुणे–अहिल्यानगर महामार्गावर क्षणभर उभे राहावे. शिरूर, न्हावरे, शिक्रापूर, दौंड अशा चहूदिशांनी पहिली पाळी गाठण्यासाठी निघालेल्या दुचाकींची रांग दिसते. त्या रांगेत माझा एक भाचाही असतो. काही महिन्यांपूर्वी त्याच्या कारखान्यात वाहनतळाचा मासिक पास सुरू झाला. दुचाकीला दीडशे रुपये! तेही कारखान्याच्या कुंपणाच्या आत, कामावर येणाऱ्याच्याच वाहनासाठी. "मामा, दीडशेचे काही नाही, पण उद्या फाटकातून आत येण्याचेही पैसे मागतील," असे तो हसत म्हणाला. मला हसू आले नाही.

पासाच्या मागील बाजूस एक ओळ छापलेली आहे : वाहनाची चोरी अथवा नुकसान झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही. मग हे शुल्क कशाचे? राखणीचे नव्हे, छपराचे तर नव्हेच. कारण दुचाकी उघड्या उन्हात तापत असतात. छप्पर आहे ते अधिकाऱ्यांच्या मोटारींसाठी आणि तेथे शुल्क नाही. एका मोटारीच्या जागेत पाच-सहा दुचाकी सहज मावतात. म्हणजे जागा अधिक व्यापतो त्याला माफी आणि कमी व्यापतो त्याच्यावर आकारणी!

रक्कम किरकोळ आहे, असे सांगितले जाते. ज्याच्या वेतनातून दुचाकीचा हप्ता, पेट्रोल, खोलीचे भाडे आणि गावी आईवडिलांना पाठवायचे पैसे जातात, त्याला वर्षाचे अठराशे रुपये किरकोळ नसतात. आणि हजार दुचाकींचे वर्षाला अठरा लाख होतात, हा हिशेब व्यवस्थापनाला आपण सांगावा असे नाही.

ही जमीन तरी कोठून आली? १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने शेतकऱ्यांच्या जमिनी संपादित केल्या आणि पंचाण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने उद्योगांना दिल्या. उद्योग यावेत, तरुणांना काम मिळावे, हे त्यामागचे सार्वजनिक प्रयोजन. ज्या मातीत वडिलांनी बाजरी पेरली, त्याच मातीवर मुलाने दुचाकी उभी करण्यासाठी भाडे भरावे, हे त्या प्रयोजनात कोठे बसते?

कायद्याची दृष्टीही पाहावी. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने वेतनातून कोणत्या कपाती करता येतील, याची यादीच घालून दिली होती. मालकाने पुरविलेल्या सुविधांपोटी कपात करायची, तर शासनाची अनुमती हवी आणि कामगाराने ती सेवा रोजगाराची अट म्हणून वा अन्य प्रकारे स्वीकारलेली हवी. कामासाठी लागणारी हत्यारे व कच्चा माल यांना 'सेवा' म्हणता येणार नाही, असेही स्पष्टीकरण त्यात होते. या कायद्याची जागा आता वेतन संहितेने घेतली आहे. ती २०१९ साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली; तरीही मालकाला मनास येईल ती कपात करण्याची मोकळीक मिळालेली नाही. चतुर व्यवस्थापन म्हणूनच वेतनाला हात लावत नाही. वाहनतळ ठेकेदाराकडे सोपवायचा आणि फाटकावर रोख वसुली करायची. वेतनचिठ्ठी स्वच्छच्या स्वच्छ!

वाहनतळाला शुल्क हवेच, असे म्हणणारे पर्यावरणप्रेमी इंग्लंडमधील नॉटिंगहॅमचा दाखला देतात. तो अवश्य द्यावा, पण पूर्ण द्यावा. त्या शहरात एप्रिल २०१२ पासून कामाच्या ठिकाणच्या वाहनतळावर कर आहे. काही मालक तो कर्मचाऱ्यांकडून वसूल करतात, हे खरे. परंतु तो आकारते नगर परिषद, भरायचा असतो मालकाने, दहापर्यंत जागा असणाऱ्या लहान आस्थापनांना त्याची झळ नाही आणि त्या पैशातून शहराची ट्राम वाढली. वाहन घरी ठेवणाऱ्याला तेथे ट्राम मिळते. रांजणगावच्या कामगाराला काय मिळते? पुण्याची मेट्रो २०२४ साली रामवाडीला पोहोचली. तेथून रांजणगाव चाळीस किलोमीटरच्या आसपास. एस.टी. आहे, पण रात्रपाळी सुटल्यावर न्हावऱ्याच्या वस्तीवर जाणाऱ्याने कोणत्या गाडीची वाट पाहावी? कंपनीची बस सर्वांना, कंत्राटी कामगारांनाही, मिळत असेल, तर शुल्काची चर्चा करता येईल. तोवर दुचाकी ही त्याची चैन नव्हे. ते पान्या-हातोड्यासारखे कामाचे हत्यारच आहे.

उद्योग चालवायचा तर असे करावेच लागते, हे आम्हाला कोणी सांगू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली, तेव्हा कारखान्याबरोबर कामगारांची घरेही उभी केली. (त्यांच्या उद्योगाचा प्रारंभ १८८८ साली बेळगावातील सायकलींच्या दुकानातून झाला होता, दुचाकीवाल्याची किंमत त्यांना ठाऊक असणारच.) १९५५ साली भारतीय मजदूर संघाची स्थापना करणारे दत्तोपंत ठेंगडी उद्योगाकडे कुटुंब म्हणून पाहत. वर्गसंघर्षाच्या परकीय सिद्धांतापेक्षा वेगळी अशी ही मांडणी होती. मात्र ती कामगाराला गप्प बसविण्यासाठी नव्हती. तीत मालकाचेही कर्तव्य गृहीत होते. विश्वकर्मा जयंतीला यंत्रांची पूजा करताना व्यवस्थापन 'आपण सारे एक कुटुंब' असे भाषण करते. घरात येणाऱ्या मुलाकडून अंगणाचे भाडे कोणते कुटुंब घेते?

कार्यकर्त्यांनी यासाठी फाटक अडविण्याची घाई करू नये. उत्पादन थांबविणे हे पहिले पाऊल नसते. जेथे कार्यसमिती आहे तेथे हा विषय लेखी द्यावा. ठेक्याची प्रत मागावी, जमा रकमेचा हिशेब मागावा आणि कोणत्या शासकीय अनुमतीने आकारणी होते, हे विचारावे. सोबत अधिकाऱ्यांच्या छपराखालील वाहनतळाचा नकाशाही मागावा. भाच्याला मी एवढेच सांगितले आहे की, पास फाडू नकोस, जपून ठेव. मागील ओळीसह त्याची छायाप्रत अर्जाला जोडायची आहे.