विकतचे चालणार नाही

यादी हातात घेऊन घराबाहेर पडणे हा आपणा मध्यमवर्गीयांचा पिढीजात उद्योग आहे. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस तर त्याला ऊत येतो. रवा, मैदा, भाजणी, उटणे, पणत्या, आकाशकंदिलाची वायर, अशी ती यादी मारुतीच्या शेपटीसारखी वाढत जाते. पण ह्या यादीत एक मोठे सुख असते. पैसे मोजले की वस्तू पिशवीत पडते. ती वाण्याकडची आहे की मॉलमधली, हे घरी कोणी विचारीत नाही.

आता कल्पना करा, की यादी देणाऱ्या बाईंनी अट घातली : "ह्यांतले काहीही विकत आणलेले चालणार नाही. ओसाड पडलेल्या गावात जायचे, कपाटे उघडायची, पेट्या उचकटायच्या आणि सापडेल ते आणायचे. वाटेत कोणी मारले, तर सापडलेले सगळे गेले. उद्या पुन्हा पहिल्यापासून." असली यादी कोण शहाणा हाती घेईल, असे तुम्ही म्हणाल. तसे हजारो शहाणे जगभर आहेत, वाचकहो, आणि 2023 च्या जानेवारीत त्यांतला एक आमच्या घरच्या मागल्या खोलीत मुक्कामाला होता.

तो माझा भाचा. सांगलीहून इंजिनिअरिंगसाठी पुण्याला आला, दुसऱ्या वर्षाला चार विषय राहिले आणि वर्ष गेले. वसतिगृह सुटले, म्हणून तो आमच्याकडे राहायला आला. येताना एक बोचके कपड्यांचे आणि एक भला थोरला कॉम्प्युटर घेऊन आला. कपड्यांचे बोचके बरेच दिवस बांधलेलेच राहिले. कॉम्प्युटर मात्र पहिल्याच संध्याकाळी सुरू झाला. मुलगा वाईट नव्हता, पण बोलत नव्हता. "चहा घेणार?" ह्याला मान हलवणे आणि "जेवलास?" ह्याला "हं" म्हणणे, एवढाच काय तो त्याचा आमच्याशी संवाद. ताईचा रोज फोन येई. "अरे, तू प्रोफेसर माणूस. त्याचा तो खेळ एकदाचा बंद कर बाबा!" मी म्हणालो, "बंद करण्याआधी तो आहे तरी काय, ते बघू दे." वाचल्याशिवाय पुस्तकाचे परीक्षण करू नये, हे मी वर्गात वीस वर्षे सांगत आलो आहे. तोच नियम इथे लावला आणि खुर्ची ओढून त्याच्या मागे बसलो.

खेळाचे नाव 'एस्केप फ्रॉम टारकॉव्ह'. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या बॅटलस्टेट गेम्स ह्या मंडळींनी तो केला. 2017 पासून तो चाचणीच्या अवस्थेत खेळला जात होता आणि पूर्ण झालेली पहिली आवृत्ती 15 नोव्हेंबर 2025 रोजी आली. नॉर्विन्स्क नावाचा एक काल्पनिक रशियन प्रांत, त्यातले टारकॉव्ह हे युद्धाने उद्ध्वस्त झालेले शहर आणि त्यात अडकलेले भाडोत्री सैनिक, अशी त्याची कथा. खेळाडू एका वेळी एका भागात उतरतो. ह्या फेरीला ती मुले 'रेड' म्हणतात. कुठे जकातीचे गोदाम, कुठे कारखाना, कुठे जंगल, कुठे समुद्रकाठचे आरोग्यधाम. ठरलेल्या वेळात, म्हणजे साधारण वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत, बाहेर पडण्याची वाट गाठायची. बाहेर पडलात तर जे सापडले ते तुमचे. मेलात तर सापडलेले तर गेलेच, पण घरून नेलेली बंदूक, चिलखत आणि पाठीवरची पिशवीही गेली. विमा उतरवण्याची सोय आहे. पण दुसऱ्या कोणी ती वस्तू उचलून नेली नसेल, तरच ती परत मिळते. आपल्याकडच्या विम्याची आठवण व्हावी, अशीच ही तरतूद आहे!

पडद्यावर कोपऱ्यात नकाशा नाही. समोरचा मित्र की शत्रू, हे सांगणारी खूण नाही. बंदुकीत गोळ्या किती उरल्या, त्याचा आकडा नाही. ते हाताने चाचपून पाहायचे. बाहेर पडण्याच्या वाटांची नावे कळतात, पण त्या कुठे आहेत ते आपले आपण शोधायचे. शरीराचे सात भाग आहेत : डोके, छाती, पोट, दोन हात, दोन पाय. प्रत्येकाची ताकद वेगळी मोजली जाते. पायाला गोळी लागली की माणूस लंगडतो, रक्त वाहू लागले की पट्टी बांधावी लागते, शिवाय तहान आणि भूक आहेच. पहिल्या संध्याकाळी मी पाहिले, तेव्हा आमचा भाचा तासाभरात चार वेळा मेला, आणि त्यातल्या तीन वेळा मारणारा कोण, हे त्याला दिसलेही नाही.

खेळात काही व्यापारी आहेत. त्यांच्या कामगिऱ्या पार पाडल्या, की ते अधिक चांगला माल विकू लागतात. प्रापोर नावाचा व्यापारी आरंभीच लुटारूंचा बंदोबस्त करायला आणि दोन शॉटगन आणून द्यायला सांगतो. थेरपिस्ट ही डॉक्टरीणबाई मात्र प्रथम औषधे मागते. तिची त्या वेळची पहिली कामगिरी म्हणजे 'सालेवा' नावाच्या प्रथमोपचाराच्या तीन पिशव्या. त्या झाल्या की एक गॅस ॲनालायझर, म्हणजे हवेतला वायू मोजण्याचे हातात मावणारे यंत्र. आणि ते दिले की पुन्हा आणखी दोन. ऐकायला किती सोपे! पण प्रत्येक वस्तूवर 'रेडमध्ये सापडलेली' अशी खूण हवी. खेळात खेळाडूंचा आपसांतला बाजारही आहे, पण त्या वेळी तो पंधराव्या पातळीनंतर उघडत असे, आणि तिथे विकत घेतलेल्या वस्तूला ती खूण नसेच. सापडलेली वस्तू सुरक्षित डबीत ठेवली आणि माणूस मेला, तर वस्तू वाचे. खूण मात्र पुसली जाई. उतरल्या उतरल्या धावत बाहेर पडावे, तर त्यावरही तोड होती. सात मिनिटांच्या आत काही विशेष न करता बाहेर पडणाऱ्याच्या वस्तूंची खूण जात असे. पळवाट म्हणून जी जी काही सुचावी, ती ती आधीच बुजवलेली!

हे ऐकून मला आमच्या कॉलेजातले प्रकल्प आठवले. हल्ली वीस पानांचा प्रकल्प संध्याकाळी मागितला, तर सकाळी हजर होतो. छपाई सुबक, बांधणी सुबक. पण मुलाला त्यातल्या एका शब्दाचा अर्थ विचारला, की तो खिडकीबाहेर पाहू लागतो. त्या प्रकल्पांवर 'रेडमध्ये सापडलेला' अशी खूण उमटवण्याची काही युक्ती विद्यापीठाला सापडली, तर आम्ही मास्तर मंडळी तिचे पेढे वाटू.

आता ह्या याद्या पुऱ्या कशा करतात, तेही सांगतो. नवखा मुलगा जिथे गोळीबार ऐकू येतो तिथे धावतो आणि मरतो. चार वेळा मेल्यावर तो विचार करू लागतो. औषधे कुठे असतील? जिथे आजारी माणसे असतात तिथे. म्हणून आरोग्यधामाच्या खोल्या, लाल क्रॉसच्या पिशव्या, डॉक्टरी पेट्या धुंडाळायच्या. यंत्र कुठे असेल? अवजारांच्या पेट्यांत, आणि अल्ट्रा मॉलमधल्या हार्डवेअरच्या दुकानाच्या फळ्यांवर. शिवाय 'स्कॅव्ह' होऊन, म्हणजे फाटक्या कपड्यांच्या भुरट्याच्या वेषात उतरण्याची सोय आहे. त्या वेषात मेले तरी स्वतःचे काही जात नाही आणि जे बाहेर काढाल, त्यावर खूण मात्र उमटते. शहाणी मुले अशा फेऱ्यांत वाटा पाठ करतात. भाच्याने टेबलावर एक वही ठेवली होती. तीत जंगलाचा नकाशा पेन्सिलीने काढलेला होता; करवतीच्या कारखान्यावर फुली, बाहेर पडण्याच्या वाटांवर बाण. वर्ष बुडवून आलेल्या मुलाच्या टेबलावर तेवढी एकच वही उघडी होती. आमची ही म्हणाली, "अहो, अक्षर बघा किती सुरेख आहे!"

आठ दिवसांत त्याने दोन सालेवा मिळवून दिल्या. तिसरी काही केल्या मिळेना. एकदा मिळाली, पण वाटेच्या तोंडाशी गोळी लागली. तो खुर्चीत मागे टेकला. मला वाटले, आता हा कीबोर्ड आपटणार. त्याने तसे काही केले नाही. मिनिटभर डोळे मिटून बसला, वहीत त्या जागी एक फुली मारली आणि पुन्हा उतरला. पूर्वी त्याच्यावर रागावण्यासाठी मी जी काही वाक्ये तयार केली होती, त्यांतले एकही मला त्या क्षणी उपयोगाचे वाटले नाही.

मग एका रविवारी रात्री एक गोष्ट घडली. आम्ही नवराबायको बाहेरच्या खोलीत होतो. आतून एकदम आवाज आला. भाचा इंग्रजीत कोणाशी तरी बोलत होता, मोठ्याने आणि घाईघाईने. "मारू नकोस! मला फक्त सालेवा हवी आहे. थेरपिस्टसाठी!" आम्ही दोघेही आत गेलो. ह्या खेळात 2021 च्या डिसेंबरपासून जवळच्या अनोळखी खेळाडूशी तोंडाने बोलता येते. एका झाडाआड आमचा भाचा, दुसऱ्या झाडाआड कोणी परका. त्या परक्याने झाडाआडून डावीउजवीकडे झुलून दाखवले. त्या जगात ही सलोख्याची खूण मानतात. अर्थात फसवणारेही हीच खूण करतात. काही क्षण कोणीच हलले नाही. मग जाड, परदेशी उच्चारांचा आवाज आला. त्याने आपल्याजवळची सालेवा, त्याच फेरीत सापडलेली, जमिनीवर टाकली आणि तो मागे सरकला.

वस्तू उचलायला जायचे, म्हणजे झाडाआडून बाहेर यायचे आणि पाठ उघडी टाकायची. भाच्याचा हात माउसवर घट्ट झाला होता. तो पुढे झाला, वाकला, सालेवा उचलली. गोळी आली नाही. मग त्याने आपल्या पिशवीतले खाण्याचे डबे आणि पाण्याची बाटली काढून त्याच जागी ठेवली. "तुझ्या भुकेसाठी," असे काहीतरी म्हणाला. दोघेही हसले. एकमेकांवर नजर ठेवीत दोघे अर्धी वाट बरोबर चालले आणि मग आपापल्या वाटेने बाहेर पडले.

कामगिरी पूर्ण झाल्याची अक्षरे पडद्यावर आली, तेव्हा भाचा आमच्याकडे वळला आणि दीड महिन्यात प्रथमच आपण होऊन बोलला. "मामी, बघितलंस? त्यानं मला मारलं असतं तर माझी बंदूक, चिलखत, सगळं त्याचं झालं असतं. का नाही मारलं त्यानं?" आमच्या हिने उत्तर दिले नाही. ती आत गेली, दूध गरम करून आणले आणि त्याच्यापुढे ठेवले. मग रात्री साडेबारापर्यंत तो बोलत राहिला. आधी खेळाविषयी, मग कॉलेजाविषयी, मग त्या चार विषयांविषयी. वर्गात आपल्याला काही कळत नाही, हे विचारायची लाज वाटत होती; एकदा विचारले नाही, दोनदा विचारले नाही, मग विचारायची वेळच निघून गेली, असे त्याने सांगितले. दीड महिना ताई फोनवरून जे विचारीत होती, त्याचे उत्तर त्या रात्री मिळाले.

मी ताईला फोन केला. ती म्हणाली, "म्हणजे त्या खेळानं माझा मुलगा शहाणा झाला, असं म्हणायचंय का तुला?" मी म्हणालो, "नाही ताई. खेळात बंदुका आहेत, रक्त आहे, लहान मुलांना तो मुळीच देऊ नये. त्यात दिवसाचे दिवस गडप होतात, हेही खरं. पण त्या जंगलात त्याला मदत मागावी लागली आणि मागितली तर मिळते, हे त्याला कळलं. आता तेच त्याला कॉलेजात करायला सांगू या." ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "फीचं बघते मी."

चार विषयांपैकी तीन त्या उन्हाळ्यात सुटले, चौथा पुढल्या खेपेस. श्रेय कोणाचे, ह्यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. ताई देवाला देते, आमची ही दुधाला, आणि भाचा त्या परक्या उच्चारांच्या गृहस्थाला, ज्याचे नाव त्याला कधीच कळले नाही.

घरोघरच्या आईवडिलांना मात्र एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. हा खेळ मध्येच थांबवता येत नाही. फेरी सुरू असताना "ऊठ, पान वाढलंय" म्हणून ओरडलात, तर मुलगा उठणार नाही, आणि उठलाच तर तासाभराची कमाई घालवून, तोंड पाडून पानावर बसेल. त्यापेक्षा आधी दारावर टकटक करा आणि विचारा, "फेरी संपायला किती मिनिटं?" तो सांगेल तितकी मिनिटे थांबा आणि त्यानंतर मात्र एक मिनिटही थांबू नका. आमच्याकडे हा करार झाल्यापासून आमटी गरम असतानाच मंडळी पानावर येऊ लागली. जमल्यास खुर्ची ओढून जरा वेळ मागे बसा. तो काय शोधतो आहे, ते विचारा. तुमच्या मुलाचे मन यादीतली वस्तू असते, तर दिवाळीच्या बाजारात कुठेही मिळाले असते. ते विकतचे चालत नाही.