बिऱ्हाड हलवताना सायकल मागे राहू नये



परीक्षांचे निकाल लागले की आपल्या कार्यालयात टी.सी. घेण्यासाठी आणि नव्या प्रवेशासाठी येणाऱ्या पालकांची गर्दी सुरू होते. कुणाची बदली झालेली असते, कुणाला नागपूरला काम मिळालेले असते, तर कुणी मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यातले घर बंद करून पांढुर्ण्यात किंवा सौंसरला खोली घेतलेली असते. आपल्या भागाला हे नवीन नाही. १९५६ पर्यंत नागपूर हीच जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होती. राज्यांची पुनर्रचना झाली, आपण मध्यप्रदेशात राहिलो, पण नोकरी, दवाखाना आणि सोयरिक यांची वाट नागपूरकडेच जात राहिली. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हापासून बदली होऊन इकडे येणारी कुटुंबेही वाढली आहेत. थोडक्यात, एप्रिल ते जून हा आपल्याकडे बिऱ्हाडे हलण्याचा हंगाम असतो.

या हंगामात एका वस्तूचे फार हाल होतात. ती वस्तू म्हणजे मुलांची सायकल. फ्रिज गादीत गुंडाळला जातो, टी.व्ही. मांडीवर घेऊन नेला जातो, काचेची भांडी रद्दीत बांधली जातात. सायकलची आठवण मात्र ट्रकची फळी लावताना होते. मग कुणीतरी म्हणते, "टाका तिला वरच्यावर, आणि आवळा दोरी." दोरी आवळली जाते ती नेमकी चाकाच्या स्पोकमधून. नव्या घरी पोहोचेपर्यंत रिम वाकलेली, ब्रेकची तार तुटलेली, मडगार्ड चेपलेले. पुढे "दुरुस्त करून घेऊ" असे म्हणत ती जिन्याखाली उभी राहते आणि दिवाळीच्या साफसफाईत कबाडीच्या हातगाडीवर चढते. काही घरांत तर एवढाही प्रवास होत नाही. सामान बांधण्याआधीच ती किलोच्या भावाने विकली जाते.

दसऱ्याला आपण याच सायकलला धुऊन-पुसून, हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालतो. पोळ्याला बैलाचे ऋण मानणारा हा आपला मुलूख आहे. ज्याच्या बळावर आपले काम चालते त्याचा मान ठेवावा, ही शिकवण आपल्याला घरातच मिळते. मग मे महिन्यात तिचा विसर का पडतो? मला वाटते, आपण सायकलची किंमत बघतो, मोल बघत नाही. पाच वर्षे वापरलेल्या सायकलची किंमत कबाडी सांगेल तेवढीच. पण तिच्यामुळे मूल रोज वेळेवर शाळेत पोहोचत असेल, तर तिचे मोल वेगळ्याच तराजूत केले पाहिजे.

हे केवळ भावनेचे बोलणे नाही. बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेत योग्य वयात नाव दाखल असणाऱ्या मुलींचे प्रमाण या योजनेमुळे ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुले-मुली यांच्यातले अंतर ४० टक्क्यांनी कमी झाले, असे त्यांना आढळले. शाळा तीच, गुरुजी तेच, पुस्तके तीच. मधले अंतर तेवढे सायकलने कापले. आपल्या राज्य शासनाकडूनही शिक्षणासाठी दुसऱ्या गावी जाणाऱ्या ग्रामीण भागातील शासकीय शाळांच्या सहावी आणि नववीच्या विद्यार्थ्यांना सायकली दिल्या जातात. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना सायकली मिळतात. सरकारे ज्या वस्तूवर एवढा पैसा खर्च करतात, ती वस्तू आपण भंगारात काढावी हे शहाणपणाचे नाही.

काही पालक म्हणतात, "सर, जुन्या सायकलचे भाडे कशाला भरायचे? तिकडे गेल्यावर नवीन घेऊ." विचार वाईट नाही, पण अनुभव वेगळा आहे. नव्या गावी गेल्यावर घराची अनामत रक्कम, शाळेचा प्रवेश, गणवेश, पुस्तके, गॅसची जोडणी असे एकामागून एक खर्च निघतात. सायकलचा नंबर शेवटी लागतो, आणि पुष्कळदा लागतच नाही. तोवर मूल ऑटोवर किंवा वडिलांच्या सवडीवर अवलंबून राहते. मुलगी असेल तर "एकटी कशी जाईल?" हा प्रश्न वाढतो आणि शिकवणी, वाचनालय, मैत्रिणीचे घर, सगळेच बंद होते. अनोळखी गावात मुलाला आधीच एकटे वाटते. ओळखीची सायकल असली तर ते चार दिवसांत गल्ल्या शोधते आणि आठ दिवसांत मित्र जोडते.

दुसरे म्हणणे असे की शहरातली रहदारी धोक्याची आहे. हे खरे आहे, आणि पालकांची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. नागपूरच्या मोठ्या रस्त्यावर सहावीच्या मुलाला एकटे सोडा, असे कुणीच म्हणणार नाही. पहिले काही दिवस पालकांनी सोबत जावे, कमी रहदारीचा रस्ता ठरवून द्यावा, मागे लाल परावर्तक आणि पुढे दिवा लावावा, ब्रेक तपासावेत. पण वळणे घेताना खिळखिळी होऊन आलेली सायकल हा स्वतःच एक धोका आहे. म्हणून ती नीट नेणे हा सुरक्षिततेचाही भाग आहे.

आता नीट नेणे म्हणजे काय, ते पाहू. हे आपल्याला कुणी बाहेरच्याने शिकवण्याची गरज नाही. आपण संत्र्याच्या मुलखातली माणसे आहोत. संत्रे दबू नये, घासू नये, त्याला वारा लागावा आणि वर जड काही येऊ नये, याची काळजी घेऊन आपल्या बागांतला माल दूरदूरच्या बाजारांत पाठवला जातो. सायकलसाठी नियम तेच आहेत.

बांधण्याच्या आदल्या दिवशी सायकल धुवून पूर्ण कोरडी करावी आणि चेनला थोडे तेल द्यावे. चिखल तसाच ठेवून गुंडाळले तर आत ओल धरते आणि गंज चढतो. नंतर घंटी, कुलपाची चावी, पाण्याची बाटली, पंप, दिवा अशा सुट्या वस्तू काढून एका पिशवीत घालाव्यात आणि त्या पिशवीवर मुलाचे नाव लिहावे. जागा कमी असेल तर हँडल सैल करून फ्रेमला समांतर फिरवावे आणि पायडल काढावेत. येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. उजव्या पायडलचे आटे नेहमीसारखे असतात, पण डाव्याचे उलटे असतात. पाना वरच्या बाजूला ठेवून मागच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही पायडल सुटतात, आणि पुढे फिरवला की आवळले जातात. हे माहीत नसल्याने पुष्कळ जण जोर लावून आटे खराब करून घेतात.

फ्रेमच्या नळ्यांना जुने लुगडे, चादर किंवा पुठ्ठा गुंडाळून सुतळीने बांधावे. पुढचे चाक काढले असेल तर चिमट्याच्या दोन टोकांमध्ये तेवढ्याच मापाचा लाकडाचा तुकडा बसवावा, म्हणजे दाबाने चिमटा आत वाकणार नाही. डिस्क ब्रेकची सायकल असेल तर चाक काढल्यावर ब्रेक दाबू नये आणि ब्रेकच्या फटीत पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवावी. गिअरची सायकल कधीही चेनच्या बाजूवर आडवी करू नये, कारण गिअरची नाजूक यंत्रणा त्याच बाजूला असते. प्लॅस्टिक घट्ट गुंडाळण्याचा मोह टाळावा. पाऊस असेल तर वरून ताडपत्री टाकावी, पण हवा खेळती राहू द्यावी.

गाडीत सायकल सर्वांत शेवटी, उभी आणि एका बाजूला टेकवून ठेवावी. दोरी फ्रेमला बांधावी, स्पोकला नव्हे. कपाट आणि सायकल यांच्यामध्ये गादी किंवा गोणपाट असावे. तिच्यावर काहीही ठेवू नये. रेल्वेने पाठवायची असेल तर पार्सल कार्यालयात आधी चौकशी करावी, सायकल गोणपाटात बांधावी आणि पाठवणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव, दोन्ही स्टेशने व फोन नंबर ठळक अक्षरांत दोन ठिकाणी लिहावा. पावती जपून ठेवावी आणि पोहोचल्यावर वेळेत माल सोडवावा, नाहीतर वाढीव आकार भरावा लागतो.

एक काम मात्र आजच करण्यासारखे आहे, बिऱ्हाड हलवायचे असो वा नसो. प्रत्येक सायकलच्या फ्रेमवर एक नंबर ठोकलेला असतो. बहुधा सीटखालच्या नळीवर किंवा पायडल बसवतात त्या जोडाच्या खाली. तो वहीत लिहा, बिलासोबत ठेवा आणि सायकलचा एक फोटो काढा. सायकल हरवली तर केवळ "काळी सायकल" एवढ्या वर्णनाने कुणाला काही शोधता येत नाही.

विद्यार्थ्यांनो, हे काम वडिलांवर किंवा मजुरांवर सोडू नका. पाना हातात घ्या. चेन कशी बसते, ब्रेक कसा धरतो, डावे आटे उलटे का असतात, हे हाताने केल्याशिवाय कळत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून झाली. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनवले आणि १९१० साली कुंडलजवळ कारखाना वसवला, ते आजचे किर्लोस्करवाडी. सायकल ही मुलाला मिळणारी पहिली प्रयोगशाळा आहे, आणि तिला फीही लागत नाही.

काही घरांत आजोबांची सायकल असते. तिच्यावर त्यांनी दूध वाहिले असेल, शाळेत नोकरी केली असेल, मुलाला पुढच्या नळीवर बसवून जत्रेला नेले असेल. अशी सायकल विकण्यापूर्वी दहादा विचार करावा. ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला. जे नाव आपल्या गावोगावच्या सायकलींवर दिसत असे, त्या जुन्या सायकली आता इतिहास होऊ लागल्या आहेत. पुण्यात कर्वेनगर येथे विक्रम पेंडसे यांनी आपल्या संग्रहातून सायकलींचे संग्रहालय उभे केले आहे. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली घडीची सायकलही तिथे पाहायला मिळते. लोक मुद्दाम वाट वाकडी करून ज्या वस्तू पाहायला जातात, त्यांची भावंडे आपल्या गोठ्यात गंजत असतील तर त्यांना तेल-पाणी तरी करावे.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. काही कुटुंबांना सायकल खरोखरच नेता येत नाही. मूल मोठे झालेले असते, सायकल लहान पडलेली असते, किंवा नव्या घरी ठेवायला जागा नसते. त्यांनी काय करावे? शासनाची सायकल योजना शासकीय शाळांसाठी आहे, आपली शाळा संस्थेची आहे. आपल्याकडेही आसपासच्या खेड्यांतून तीन-चार किलोमीटर पायी येणारी मुले-मुली आहेत. आठवीपर्यंत ती कशीबशी येतात. नववीला वर्ग लांबतात, शिकवणी वाढते, पावसाळ्यात घरी जाताना अंधार होतो, आणि एखादी हुशार मुलगी "घरी काम आहे" असे सांगून येईनाशी होते. हजेरीपटावर आधी गैरहजेरीच्या खुणा दिसतात, मग नावच कमी होते. एका गावात सायकल किलोच्या भावाने विकली जाते आणि शेजारच्या गावात सायकलवाचून शाळा सुटते, हा हिशेब आपल्याला मान्य आहे का?

विश्वस्त मंडळींना माझी विनंती आहे की शाळेच्या आवारात एक लहान पत्र्याची शेड सायकल पेढीसाठी द्यावी. गाव सोडून जाणाऱ्या कुटुंबाने टी.सी. घ्यायला येताना नको असलेली सायकल तिथे जमा करावी. फ्रेम नंबरासह तिची नोंदवहीत नोंद व्हावी, मिस्त्रीकडून दुरुस्ती व्हावी आणि लांबून पायी येणाऱ्या विद्यार्थ्याला ती सत्रभरासाठी मिळावी. सत्र संपल्यावर तपासणी करून पुढच्याला द्यावी. दुरुस्तीचा खर्च एका स्नेहसंमेलनाच्या मंडपाहूनही कमी येईल. देणाऱ्याचे नाव फलकावर लिहायचे की नाही ते मंडळाने ठरवावे. घेणाऱ्या मुलाचे नाव मात्र जाहीर होऊ नये, एवढा माझा आग्रह राहील. त्याला ती उपकाराची नव्हे, आपली वाटली पाहिजे.

३ जून हा जागतिक सायकल दिन आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने तो २०१८ साली जाहीर केला. नेमक्या त्याच सुमारास आपल्याकडे सामानाच्या गाड्या भरल्या जात असतात. यंदा ज्यांचे बिऱ्हाड हलणार आहे, त्यांनी सामानाच्या यादीत सायकल पहिल्या पाचांत लिहावी. जिथे जाल तिथे ती मुलासोबत धडधाकट पोहोचू द्या. आणि नेणे शक्य नसेल, तर कबाडीला हाक मारण्याआधी शाळेत एक निरोप द्या.

– प्राचार्य