घटकाभर विसांवा : चोरपावलांनीं

गेल्या अंकांत या सदराच्या शेवटीं श्रावणांतल्या उपासाच्या पदार्थांविषयीं लिहिण्याचें आम्हीं कबूल केलें होतें. तें वचन पुढील महिन्यावर ढकलीत आहों, याबद्दल वाचक-भगिनींनीं क्षमा करावी. गेले तीन आठवडे आमच्या घरांत जेवतांना ज्या एका विषयाचा खल चालला आहे, त्यापुढें साबुदाणा आणि वरी यांचें कांहीं चालेना.

विषय आहे संगणकावरील एका खेळाचा. आमची नात या वर्षीं दहावी झाली. निकाल लागला, अकरावीचा प्रवेश मात्र व्हावयाचा आहे, अशा त्या रिकाम्या दिवसांत तिच्या वडिलांनीं, म्हणजे आमच्या चिरंजीवांनीं, आपण कॉलेजांत असतांना खेळलेला 'फॉलआउट' नांवाचा १९९७ सालचा अमेरिकन खेळ तिला मोठ्या कौतुकानें काढून दिला. कौतुकाचें रूपांतर तंट्यांत व्हावयास आठवडाहि लागला नाहीं. मुलीनें खेळ शेवटास नेला, परंतु बापानें ज्या रीतीनें नेला होता त्या रीतीनें नव्हे, आणि तिची रीत पाहून चिरंजीव भर पंक्तींत म्हणाले, "अग, तूं त्याचें तोंडसुद्धां पाहिलें नाहींस!"

ज्यांच्या घरीं असलीं मुलें नाहींत, त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. हे खेळ भूमिका घेण्याचे असतात. खेळणारा एक पात्र घडवितो; त्याचें बळ, चापल्य, बुद्धि, वक्तृत्व हीं सारीं आंकड्यांनीं मोजलेलीं असतात, आणि अनुभव वाढेल तसतशी त्या आंकड्यांत कोठें भर घालावयाची हें खेळणाऱ्यानें ठरवावयाचें. कोणी तलवारीवर भर देतो, कोणी मंत्रविद्येवर, कोणी बोलण्यावर, तर कोणी कोणाच्या नजरेस न पडतां चालण्यावर. सर्वांच्या शेवटीं एक महाशत्रु उभा असतो. मुलें त्यास 'बॉस' म्हणतात. तो बहुधा इतका दांडगा असतो कीं, तलवारबहाद्दरासहि दहा वेळां मरून अकराव्या वेळीं यश यावें. मग चोरपावलांनीं तेथवर आलेल्या बिचाऱ्यानें काय करावें, हा या खेळांतला जुनाच प्रश्न आहे.

जुना म्हणजे संगणकाहूनहि जुना. १९३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या टॉल्किनच्या 'द हॉबिट' या कादंबरींत तेरा बुटके ड्रॅगनच्या गुहेवर चालून जातांना एका साध्यासुध्या गृहस्थास चोर म्हणून बरोबर घेतात. तो अदृश्य करणारी अंगठी घालून एकटा खालीं उतरतो, त्या अजस्र प्राण्याशीं गोड बोलतो, आणि त्याच्या छातीवर डावीकडे कवच नसलेली एक जागा पाहून परत येतो. ड्रॅगनला बाण मारणारा पुढें निराळाच निघतो. चोरानें आणलें तें फक्त ज्ञान. १९७४ मध्यें अमेरिकेंत गायगॅक्स आणि आर्नेसन यांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद-पेन्सिलीचा व फांशांचा खेळ काढला, आणि पुढल्याच वर्षीं त्याच्या 'ग्रेहॉक' नांवाच्या पुरवणींत 'चोर' हा एक स्वतंत्र वर्ग आला : निःशब्द चालणें, अंधारांत दडणें, आणि पाठीमागून केलेल्या वाराची दुप्पट इजा. तोच हिशेब आज संगणकाच्या खेळांत चालू आहे.

हिशेब हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतों. यंत्रास डोळे नाहींत. पहारेकऱ्यानें आपणांस पाहिलें याचा अर्थ एवढाच कीं अंतर किती, त्याचें तोंड कोणत्या दिशेस, उजेड किती, पावलांचा आवाज किती, आणि आपल्या अंगीं दबकण्याची विद्या शेंकडा किती, या साऱ्यांची बेरीज-वजाबाकी त्याच्या बाजूनें पडली. २०११ च्या 'स्कायरिम' या खेळांत तर पडद्याच्या मध्यावर एक डोळाच काढलेला असतो. आपण लपलेले असलों तर तो मिटलेला, कोणास सुगावा लागूं लागला कीं तो उघडूं लागतो. त्यांत एका हाती शस्त्राचा बेसावध शत्रूवरील वार तिप्पट लागतो, आणि तें विशेष कौशल्य शिकून घेतल्यास खंजिराचा वार पंधरापट! पण अखेरचा शत्रु निघतो आकाशांत उडणारा ड्रॅगन, आणि त्याच्याशीं लढतांना तीन प्राचीन वीर आपल्या शेजारीं उघडपणें उभे. दबा धरून बसावयाचें कोठें?

याहून मोठा घोटाळा त्याच वर्षींच्या 'डेउस एक्स : ह्यूमन रेव्होल्यूशन' या खेळांत झाला. खेळाचें सारें ब्रीदच असें कीं, लढा, लपा, कुलुपें उघडा, यंत्रें फोडा, वाट तुमची. पुष्कळांनीं तें खरें मानून आपलें सारें भांडवल लपण्यांत आणि संगणक फोडण्यांत घातलें. आणि मग ठरावीक टप्प्यांवर दार बंद झालें, समोर शस्त्रसज्ज राक्षस, हातांत धड बंदूक नाहीं. त्या झुंजी बाहेरच्या एका कंपनीकडून बनवून घेतल्या होत्या असें मागाहून कळलें. ओरड इतकी झाली कीं २०१३ मध्यें सुधारून काढलेल्या आवृत्तींत त्या खोल्या वाढवाव्या लागल्या, आडोसे आणि फोडण्याजोगीं यंत्रें ठेवावीं लागलीं. आमच्या मतें दोष तेथें झुंज अवघड असण्याचा नव्हता. एखाद्या विद्यार्थ्यास वर्षभर संस्कृत शिकवून परीक्षेच्या दिवशीं बीजगणिताची प्रश्नपत्रिका हातीं द्यावी, त्यांतला हा प्रकार होता. गंमत अशी कीं, याच मालिकेच्या २००० सालच्या पहिल्या खेळांत ही अडचण फार सुंदर रीतीनें सोडविलेली आहे. त्यांत दोन अर्धयांत्रिक हस्तक असे आहेत कीं प्रत्येकाच्या नाशाचा एक गुप्त शब्दसमूह ठरलेला; तो शोधून काढून त्यांच्यापुढें उच्चारला कीं लढाईचें काम नाहीं.

(भूमिकेचा खेळ नव्हे, पण २००४ च्या 'मेटल गिअर सॉलिड ३' मधील एका शत्रूचें उदाहरण आमच्या वयाच्या माणसास सांगितल्यावांचून राहवत नाहीं. तो अतिशय वृद्ध नेमबाज आहे. त्याच्याशीं झुंज चालू असतां खेळ जपून ठेवून खऱ्याखुऱ्या आठ दिवसांनीं परत यावें, तों तो म्हातारपणानेंच मेलेला असतो. हें ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, "मेलीं माणसें! तेवढीहि वाट पाहवेना म्हणून लढत असतील.")

आतां आमच्या घरच्या खेळाकडे येऊं. 'फॉलआउट'ची कथा अणुयुद्धानंतरच्या कॅलिफोर्नियांत, २१६१ सालीं घडते. भुयारी वस्तींत राहणाऱ्या लोकांचें पाणी शुद्ध करणारें यंत्र बिघडतें, आणि त्याचा एक भाग शोधून आणण्यास नायकास दीडशें दिवस दिलेले असतात. तें झालें कीं खरा धोका कळतो. 'मास्टर' नांवाचा एक विद्रूप जीव एका मोठ्या मंदिराखालच्या तळघरांत बसून माणसांना विषाणूच्या द्रवांत बुडवून प्रचंड बळाचे दैत्य बनवीत आहे. त्याचा हेतु मात्र साध्या खलपुरुषाचा नाहीं. सर्व माणसें एकाच जातीचीं झालीं म्हणजे कलह संपेल, असें तो मनापासून मानतो.

चिरंजीवांनीं १९९८ च्या सुमारास त्यास समोरासमोर मारला होता. उत्तम चिलखत, थोरली बंदूक आणि औषधांचा सांठा एवढ्या बळावर. नातीनें काय केलें? त्या मंदिराच्या भक्तांचा झगा अंगावर चढविला, सोबत्यांना बाहेर ठेवलें, आणि दैत्यांच्या मधून, जणूं त्यांच्यांतलीच, चालत तळघरांत गेली. तेथें एक अणुबॉम्ब ठेवलेला आहे; तो चालू करून ती बाहेर पडली. मास्टरच्या दालनाकडे नेणारी, मनावर आघात करणारी ती किळसवाणी वाटहि तिनें पाहिली नाहीं.

"हा पळपुटेपणा," असें बाप म्हणाला. आम्हीं लाल महालाची गोष्ट काढली. १६६३ च्या एप्रिलांत महाराज रात्रीं शाहिस्तेखानाच्या छावणींत शिरले, त्यास पळपुटेपणा म्हणाल काय? चिरंजीवहि कांहीं कमी नाहींत. ते म्हणाले, "महाराज शिरले चोरवाटेनें, पण शेवटीं खानाच्या पुढ्यांत तलवार घेऊन उभे राहिले. बोटें कांहीं बॉम्बनें तुटलीं नाहींत." याला आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आणि नात तर मान खालीं घालून भात कालवीत होती.

तिचें मान खालीं घालणें खेळासाठीं नव्हतें, हें त्या पंक्तींत आम्हांसच ठाऊक होतें. आठ दिवसांपूर्वीं तिनें आम्हांस एकट्यास सांगितलें होतें कीं, प्रवेशाच्या अर्जांत विज्ञानाच्या जागीं तिनें कला शाखा भरली आहे. तिला इतिहास शिकावयाचा आहे. आम्हीं तिला "बाबांना सांग" असें म्हणावयास हवें होतें, निदान स्वतः तरी तिची बाजू घेऊन बोलावयास हवें होतें. आम्हीं यांतलें कांहींच केलें नाहीं. कळेल तेव्हां कळेल, असें म्हणून वर्तमानपत्र उघडलें. अर्जावर भ्रमणध्वनीचा क्रमांक वडिलांचा दिलेला होता, त्यामुळें दोनच दिवसांनीं सारें उघडकीस आलें. चिरंजीव ओरडले नाहींत. "घरांतहि झगा घालूनच वावरायचें ठरवलेंस तर," एवढेंच बोलले आणि उठून गेले. त्या रात्रीं घरांत कोणी नीट जेवलें नाहीं.

आम्हांस झोंप येईना. प्रायश्चित्त म्हणा किंवा कुतूहल म्हणा, दुसऱ्या दिवशीं दुपारीं नातीस शेजारीं बसवून आम्हीं स्वतः तो खेळ मांडला. बळ आमच्या पात्रास बेताचेंच दिलें, बुद्धि आणि बोलणें यांवर सारा भर. बोटें अडखळत, माऊस भलतीकडे पळत. विंचवांनींच आम्हांस पहिल्या दिवशीं चार वेळां मारलें. तरी बारा-तेरा दिवसांत मंदिरापर्यंत पोंचलों, झगा घातला, आणि तिनें टाळलेल्या त्याच वाटेनें मास्टरपुढें जाऊन उभे राहिलों. या खेळांत तिसराहि मार्ग आहे, हें आम्हीं ऐकून होतों : त्याच्याशीं बोलतां येतें. आम्ही बोललों. अन्याय, मानवता, जें सुचलें तें सगळें सांगून पाहिलें. त्यानें ऐकून घेतलें आणि मग आम्हांस ठार केलें.

"आजोबा, नुसतें बोलून तो ऐकत नाहीं," नात म्हणाली. "पुरावा लागतो." तोवर तिनें शोध लावला होता. 'ब्रदरहुड ऑफ स्टील' नांवाचा शस्त्रविद्या जपणाऱ्यांचा एक पंथ त्या खेळांत आहे. त्यांच्यांतील व्री नांवाच्या संशोधिकेनें एका दैत्याच्या प्रेताची चिकित्सा केलेली असते. तिचा अहवाल एका तबकडीवर मिळतो. त्यांत लिहिलें आहे कीं या दैत्यांना मुलें होणें शक्य नाहीं. ज्या जातीवर त्या जिवानें जगाचें भवितव्य टाकलें, ती एका पिढींत संपणार! तबकडी पुढें ठेवली, आणि बोलण्याची विद्या पुरेशी असली, म्हणजे तो स्वतः खात्री करून घेतो, आणि आपण केलें तें सारें व्यर्थ होतें हें समजून आपल्याच हातांनीं आपल्या नाशाची व्यवस्था लावतो. आपणांस मात्र निघून जाण्यास सांगतो. आम्हीं मागें जाऊन ती तबकडी मिळविली, परत आलों, आणि गोळी न झाडतां खेळ संपला. चोरपावलें येथेंहि लागलींच. झग्यावांचून त्याच्यापर्यंत जिवंत पोंचलों नसतों. फरक पडला तो पोंचल्यानंतर.

त्यानंतर दोन दिवस नात आपल्या खोलींत कांहीं लिहीत होती. शनिवारीं रात्रीं जेवणें झाल्यावर तिनें वडिलांपुढें तीन कागद ठेवले. एकावर आठवी ते दहावीपर्यंतचे गणित, शास्त्र व समाजशास्त्र यांतले तिचे गुण ओळीनें मांडलेले. दुसऱ्यावर पुण्यांतील ज्या महाविद्यालयांत जाण्याची तिची इच्छा आहे तेथील विषय. तिसऱ्यावर पदवीनंतर काय काय करतां येतें याची यादी. आवाज कांपत होता, तरी सगळें वाचून दाखविलें. "आणि न सांगतां भरलें तें चुकलेंच, बाबा," असेंहि ती म्हणाली. आम्ही या वेळीं वर्तमानपत्र हातीं घेतलें नाहीं. आम्हांस आधीं ठाऊक होतें, हेंहि सांगून टाकलें. चिरंजीवांनीं आमच्याकडे ज्या नजरेनें पाहिलें, ती नजर त्यांच्या लहानपणीं आम्हीं त्यांच्याकडे अनेकदां वळविलेली आहे.

कागद त्यांनीं ठेवून घेतले. हो म्हणाले नाहींत, नाहीं म्हणाले नाहींत. शाखा बदलण्याची मुदत अद्यापि चार दिवस आहे.

काल संध्याकाळीं फिरून परत आलों, तों दिवाणखान्यांत संगणक लागलेला. चिरंजीव खुर्चींत, नात त्यांच्या खुर्चीच्या हातावर. ते विचारीत होते, "ती व्री कोणत्या मजल्यावर बसते म्हणालीस?"