सुटी पाने, मुके नकाशे

आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामाला असते. त्या दिवशी आमच्या घरी वारकऱ्यांचा राबता असतो. चहापाणी झाले, की मी कपाटातला जुना अ‍ॅटलास काढतो. एकदा एका म्हाताऱ्या वारकऱ्याने विचारले, "गुरुजी, ह्यात आळंदी कुठं हाय?" मी जागा दाखवली. मग त्यांचे बोट सासवड, फलटण करीत पंढरपूरपर्यंत आले. नकाशावरची नावे मी वाचत होतो, वाट ते सांगत होते.

जुनी सचित्र प्रवासवर्णने आणि जुने अ‍ॅटलास जमवण्याचा हा नाद मला मास्तरकीत लागला. पगार बेताचा, त्यामुळे सारी मदार रद्दीच्या दुकानांवर आणि पदपथांवर. त्यातच लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाचे पुस्तक हाती लागले. १८६०च्या दशकात तो हिंदुस्थानातली संस्थाने हिंडला. त्याचा ग्रंथ १८७५ साली फ्रेंचमध्ये आणि पुढच्या वर्षी इंग्रजीत निघाला. पानोपानी कोरीव ठशांची चित्रे.

मागे एक व्यापारी ते पाहायला आले. त्यांनी एक ओळही वाचली नाही, नुसती चित्रे मोजली. म्हणाले, "गुरुजी, अख्ख्या पुस्तकाला गिऱ्हाईक नाही. चित्रं सुटी करू, चौकटीत घालू, एकेक विकली जातील." त्यांनी सांगितलेल्या रकमेत घराचे गळके छप्पर नवे झाले असते. मी नाही म्हटले. घरात दोन दिवस अबोला होता.

माझा हट्ट खुळा आहे का? पूर्वी मीही एक सुटा नकाशा घेतला होता. घरी येऊन उलटून पाहिला, तर मागे मजकूर होता आणि तो वाक्याच्या मध्यावर तुटला होता. नकाशा कोणी काढला, केव्हा, कशाच्या आधाराने, काही कळेना. ऑर्टेलियसने १५७० साली अँटवर्पला आपला प्रसिद्ध अ‍ॅटलास छापला, तेव्हा ज्या नकाशाकारांचे साहाय्य झाले, त्यांची नावानिशी यादी दिली. नकाशांच्या पाठीवर त्या त्या देशाची माहिती छापली. असा ग्रंथ फाडला, की कारागीर बेनाव होतात आणि नकाशा मुका होतो.

संग्रह कसा असावा, याचा धडा आपल्याच एका मराठी राजाने घालून दिला आहे. तंजावरचे सरफोजी राजे भोसले (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी संस्कृत, तमिळ, मराठी पोथ्यांबरोबर युरोपीय भाषांतले ग्रंथ आणि नकाशेही जमवले. राज्य गेले, वंशजांची सत्ता गेली. पण सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ साली सर्वांना खुले झाले आणि ते आजही आहे. राजांच्या हौसेचे चीज झाले, कारण संग्रह एकत्र राहिला आणि लोकांचा झाला.

कोणी म्हणेल, गरिबाने भिंतीवर एक चित्र लावले तर बिघडले कुठे? काहीच नाही. मात्र आज पान न फाडता चित्राची सुरेख प्रत काढता येते. भिंतीही सजतील आणि पुस्तकही जगेल. दुसरी बाजूही सांगतो. कपाटाला कुलूप लावून बसणारा संग्राहकसुद्धा पुस्तक मारतोच, फक्त सावकाश. कसर त्याच्या मदतीला असतेच.

म्हणून मी दोन गोष्टी केल्या आहेत. प्रत्येक पुस्तक कुठून, केव्हा आणले, त्याची वही लिहिली; आणि माझ्यामागे हा संग्रह न फोडता एखाद्या वाचनालयाला द्यावा, असे मुलाला सांगून ठेवले. छपराचे म्हणाल, तर अजून गळते. पुस्तकांचे कपाट तेवढे कोरड्या भिंतीला सरकवले आहे.

वाचकहो, दिवाळीत माळा आवराल, तेव्हा आजोबांच्या ट्रंकेतला फाटका अ‍ॅटलास रद्दीत घालण्यापूर्वी एकदा जमिनीवर पसरा. घरातल्या पोरांना बोलवा आणि आपले गाव शोधायला सांगा. मग काय करायचे ते ठरवा.